अमेरिकी कायद्याच्या मुळापर्यंत: लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘अ सेंच्युरी ऑफ लॉमेकिंग’ संग्रहाचे परीक्षण

वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १७७४ ते १८७५ या काळातील अमेरिकी काँग्रेसची छापील कागदपत्रे ‘अ सेंच्युरी ऑफ लॉमेकिंग फॉर अ न्यू नेशन’ या नावाने इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत. अमेरिकी कायद्याच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने आपले काम या संग्रहापासून सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र या संग्रहात कागदपत्रे मिळतात, त्यांच्यातली वाट मिळत नाही. कोणती मालिका कोणी, कधी आणि कशाच्या आधारे छापली, हे आधी समजून घेतले नाही, तर एखाद्या सदस्याच्या तोंडी असलेले वाक्य त्याने खरोखर तसेच उच्चारले होते की वर्तमानपत्राच्या बातमीदाराने ते आपल्या शब्दांत उतरवले होते, हे वाचकाला कळत नाही, आणि त्याच्या निष्कर्षाचा पायाच कच्चा राहतो.

संग्रहाचा विस्तार मोठा आहे. कॉन्टिनेन्टल काँग्रेसची (स्वातंत्र्यलढ्याच्या काळातील वसाहतींच्या प्रतिनिधिसभेची) कार्यवृत्ते आणि तिच्या प्रतिनिधींची पत्रे, १७८७ च्या संविधान परिषदेच्या मॅक्स फॅरंड यांनी संपादित केलेल्या नोंदी, राज्यांमध्ये संविधान मंजूर करताना झालेल्या वादविवादांचे एलियट यांचे संकलन, प्रतिनिधीगृह आणि सिनेट यांची कार्यवृत्ते, चर्चांचे अहवाल, संमत कायद्यांचे ‘स्टॅट्यूट्स ॲट लार्ज’चे खंड, ‘अमेरिकन स्टेट पेपर्स’चे ३८ खंड, अनेक विधेयकांचे मसुदे आणि ‘सीरियल सेट’ या अवाढव्य अहवालमालेतील निवडक खंड, हे सारे येथे एकत्र आहे. मूळ छापील पानांची चित्रे समोर येत असल्यामुळे संदर्भ देताना पृष्ठक्रमांकाबद्दल शंका उरत नाही, आणि पुढे कोणीतरी टंकलेखित केलेल्या मजकुरावर विसंबण्याची वेळ येत नाही. याच कारणामुळे येल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचा ‘ॲव्हलॉन प्रोजेक्ट’ हा ऐतिहासिक दस्तऐवजांचा टंकलेखित संग्रह वाचनासाठी सोयीचा असला, तरी शोधनिबंधाच्या तळटीपेसाठी मी या संग्रहातील मूळ पानाचाच आधार घेण्याचा सल्ला देईन.

या संग्रहाची खरी पारख एखाद्या कायद्याचा माग काढतानाच होते. त्यासाठी २० एप्रिल १८७१ रोजी संमत झालेल्या नागरी हक्क अधिनियमाचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण त्याच्या पहिल्या कलमाचा आधार घेऊन आजही असंख्य नागरिक राज्यांच्या अधिकाऱ्यांविरुद्ध फेडरल न्यायालयात दाद मागतात. या कायद्याचा संदर्भ ‘१७ स्टॅट. १३’ असा दिला जातो. ‘स्टॅट्यूट्स ॲट लार्ज’च्या सतराव्या खंडातील तेरावे पान, एवढाच त्याचा अर्थ असल्यामुळे पान काही क्षणांत सापडते. पण त्या पानावर हा कायदा कोणत्या विधेयकातून निर्माण झाला, हे छापलेले नाही. या मालिकेत विधेयकाचा क्रमांक नियमितपणे देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही कायद्याच्या अभ्यासकाला येथून उलट पावली कार्यवृत्ताकडे जावे लागते.

प्रतिनिधीगृहाच्या कार्यवृत्तात हे विधेयक ‘एच. आर. ३२०’ या क्रमांकाने भेटते. ओहायोचे सदस्य सॅम्युअल शेलाबार्गर यांनी ते २८ मार्च १८७१ रोजी मांडले होते. त्याआधी पाच दिवस राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिणेतील हिंसाचाराला आळा घालण्यासाठी कायदा करावा, असा संदेश काँग्रेसला पाठवला होता. कार्यवृत्त हा दोन्ही सभागृहांचा अधिकृत दस्तऐवज आहे. प्रत्येक सभागृहाने ते ठेवावे, असे संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातील पाचव्या कलमातच सांगितले आहे, आणि उपस्थित सदस्यांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केल्यास कोणी कोणत्या बाजूने मत दिले, तेही त्यात नोंदवावे लागते. भाषणे मात्र त्यात नसतात. तारखा, प्रस्ताव, दुरुस्त्या आणि मतदान यांचा सांगाडा तेथून घ्यायचा आणि त्या तारखा हाताशी धरून चर्चेच्या अहवालाकडे वळायचे, हीच रीत सर्वांत भरवशाची आहे. प्रतिनिधीगृहाने विधेयकांना क्रमांक देण्यास १८१७ साली, तर सिनेटने १८४७ साली सुरुवात केली. त्याआधीच्या विधेयकांसाठी तारीख आणि विषय एवढीच खूण हाती असते.

चर्चेचे अहवाल हा या संग्रहाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत फसवा भाग आहे. एकाच प्रश्नावरील चर्चा चार वेगवेगळ्या मालिकांत विभागलेली दिसते आणि त्या चारही मालिकांची विश्वासार्हता सारखी नाही. १७८९ ते १८२४ या काळातील ‘ॲनल्स ऑफ काँग्रेस’चे ४२ खंड गेल्स आणि सीटन या प्रकाशकांनी १८३४ ते १८५६ या वर्षांत, म्हणजे घटना घडून गेल्यावर अनेक दशकांनी, प्रामुख्याने वर्तमानपत्रांतील वृत्तांतांवरून जुळवले. त्यामुळे ८ जून १७८९ रोजी जेम्स मॅडिसन यांनी हक्कांच्या सनदेचा प्रस्ताव मांडताना केलेले भाषण आपण येथे वाचतो, तेव्हा ते लघुलेखकाच्या टिपणांतून आणि नंतर संकलकांच्या हातून आपल्यापर्यंत आलेले असते. त्यांचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा नोंदला गेला, असे मानता येत नाही. शिवाय पहिल्या दोन खंडांच्या दोन वेगवेगळ्या छपाया झाल्या आणि त्यांचे पृष्ठक्रमांक जुळत नाहीत. एखाद्या ग्रंथातील संदर्भ संग्रहातील पानावर सापडला नाही, तर लेखकाला दोष देण्याआधी तो कोणत्या छपाईतून घेतला आहे, हे पाहावे. सिनेटच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे. पहिली काही वर्षे सिनेटचे कामकाज बंद दाराआड चालत असे आणि तिची सज्जा लोकांसाठी १७९५ च्या डिसेंबरात खुली झाली. त्या काळासाठी पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले यांची रोजनिशी हाच सर्वांत जिवंत आधार उरतो. ती एका बाजूच्या, बऱ्याचदा चिडलेल्या सदस्याने लिहिली आहे, हे लक्षात ठेवून वाचली, तर तिच्याइतके मोलाचे दुसरे साधन नाही, आणि ग्रंथालयाने ती या संग्रहात समाविष्ट केली, याबद्दल त्यांचे मनापासून आभार मानले पाहिजेत.

१८२४ ते १८३७ या काळातील ‘रजिस्टर ऑफ डिबेट्स’ त्याच गेल्स आणि सीटन यांनी, पण घटनांच्या समकाळात छापले, आणि त्यात महत्त्वाच्या चर्चांचा सारांश मिळतो. १८३३ पासून ब्लेअर आणि राइव्ह्ज या प्रकाशकांचे ‘काँग्रेशनल ग्लोब’ सुरू होते आणि १८७३ पर्यंत चालते. म्हणजे चार-पाच वर्षांच्या काळासाठी आपल्याला दोन अहवाल समोरासमोर ठेवता येतात. ब्लेअर यांचे वर्तमानपत्र राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्या पक्षाचे होते, तर गेल्स आणि सीटन त्यांच्या विरोधकांच्या बाजूचे होते. त्यामुळे एकाच दिवसाच्या दोन्ही नोंदी पडताळून पाहणे आवश्यक ठरते आणि या संग्रहात ते घरबसल्या करता येते. ‘ग्लोब’चे आरंभीचे खंडही सारांशवजा आहेत. शब्दशः म्हणता येईल अशी नोंद साधारण १८५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मिळू लागते, आणि म्हणूनच नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण यांची हमी देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीवरील १८६६ ची चर्चा, त्यातही २३ मे रोजी सिनेटर जेकब हॉवर्ड यांनी दुरुस्तीचा मसुदा मांडताना केलेले विवेचन, आजही न्यायालयांत उद्धृत होते.

१८७१ च्या विधेयकाकडे परत येऊ. त्यावरील चर्चा ‘ग्लोब’मध्ये मुख्य खंडात आहे आणि परिशिष्टातही आहे, आणि संग्रह वापरणारे नवे अभ्यासक येथेच सर्वाधिक अडखळतात. चौदाव्या घटनादुरुस्तीच्या पहिल्या कलमाचे शिल्पकार जॉन बिंगहॅम यांनी त्या कलमाचा अर्थ स्वतः उलगडून सांगितला, ते ३१ मार्च १८७१ चे भाषण परिशिष्टात छापलेले आहे. मुख्य खंडातील त्या दिवसाची पाने वाचून थांबणाऱ्याला ते दिसतच नाही. परिशिष्टाचे पृष्ठक्रमांक स्वतंत्र असतात, आणि तळटीपेत ‘परिशिष्ट’ हा शब्द राहिला, तर पुढचा वाचक भलत्याच पानावर पोहोचतो.

या पानांचे आजही केवढे वजन आहे, हे दोन निकालांवरून कळते. राज्यांतील जमावांनी केलेल्या हिंसेची भरपाई स्थानिक संस्थांकडून वसूल करण्याची तरतूद सिनेटर जॉन शर्मन यांनी या विधेयकात सुचवली होती आणि प्रतिनिधीगृहाने ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली मन्रो विरुद्ध पेप या खटल्यात त्या नकाराचा अर्थ असा लावला की, नगरपालिकांवर या कायद्याखाली दावा चालू शकत नाही. १९७८ साली मोनेल खटल्यात न्यायालयाने ‘ग्लोब’मधील तीच चर्चा नव्याने आणि अधिक बारकाईने वाचली, सभागृहाचा आक्षेप इतरांच्या कृत्यांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर लादण्याला होता, असा निष्कर्ष काढला, आणि आपलाच सतरा वर्षांपूर्वीचा निर्णय त्या मुद्द्यापुरता रद्द केला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेला तो निकाल आणि संग्रहातील ‘ग्लोब’ची पाने एकत्र उघडून वाचावीत. कायद्याचा इतिहास कसा वाचावा याचे इतके चांगले शिक्षण दुसरीकडे क्वचितच मिळेल, आणि पूर्वी मोठ्या विधी ग्रंथालयात प्रवेश असल्याशिवाय ते शक्य नव्हते.

याच कायद्याने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली आहे. मूळ कायद्याच्या पहिल्या कलमात, राज्याचा कोणताही कायदा, अध्यादेश, नियम, रूढी किंवा प्रथा याच्या विरुद्ध असली तरीही अधिकारी दायित्वास पात्र राहील, अशा आशयाचे शब्द होते. १८७४ साली सर्व फेडरल कायदे ‘रिव्हाइज्ड स्टॅट्यूट्स’ या नावाने एकत्र करून मंजूर करताना ते शब्द गळाले आणि आजच्या ‘यू. एस. कोड’मधील (फेडरल कायद्यांच्या विषयवार संहितेतील) बेचाळिसाव्या शीर्षकाच्या १९८३ क्रमांकाच्या कलमातही ते नाहीत. अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या संरक्षणाबद्दलच्या आजच्या वादात हा गळालेला मजकूर पुन्हा चर्चेत आला आहे. केवळ आजचा कोड वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. सतराव्या खंडातील मूळ पान आणि अठराव्या खंडाच्या पहिल्या भागातील सुधारित मजकूर ही दोन्ही पाने या संग्रहाच्या कालमर्यादेत बसतात, त्यामुळे हा फरक कोणालाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. अशा सार्वजनिक सेवेचे मोल पैशांत करता येत नाही, असे मला वाटते.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव शोधसुविधेची आहे. कार्यवृत्ते आणि फॅरंड यांच्या नोंदी शब्दांनी शोधता येतात, पण ‘ग्लोब’ची तीन रकान्यांत बारीक टायपात छापलेली पाने मुख्यतः चित्ररूपात पाहण्यासाठीच सोयीची आहेत, आणि तेथे खंडाला जोडलेल्या छापील सूचीचाच आधार घ्यावा लागतो. त्या सूची सदस्यांच्या नावांनुसार आणि विधेयकांनुसार काळजीपूर्वक केलेल्या आहेत. त्यांची सवय झाली की, शोधपेटीत शब्द टाकून मिळणाऱ्या विस्कळीत उत्तरांपेक्षा त्याच अधिक उपयोगी वाटतात, परंतु पहिल्यांदा येणाऱ्याला हे कोणीही सांगत नाही. शब्दांनी शोधायचेच असेल, तर नॉर्थ टेक्सास विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयातील ‘ग्लोब’ची प्रत जोडीला उघडी ठेवावी. तीही विनामूल्य आहे. मात्र जुन्या टायपावरून यंत्राने ओळखलेल्या मजकुरात चुका असतात, म्हणून शब्द सापडला नाही याचा अर्थ तो तेथे नाही, असा कधीही घेऊ नये.

दुसरी उणीव ‘सीरियल सेट’ची आहे. १८१७ पासून काँग्रेसच्या समित्यांचे अहवाल आणि कार्यकारी विभागांची कागदपत्रे या मालेत छापली गेली, आणि एखादा कायदा का करावा लागला याची उत्तरे बहुतेक वेळा तिच्यातच असतात. या संग्रहात त्या मालेचे थोडेच खंड आहेत. आपल्या उदाहरणातील नॉर्थ कॅरोलिनामधील अत्याचारांवरील सिनेट समितीचा १८७१ चा पहिला अहवाल, किंवा कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गुप्त संघटनेच्या हिंसेची चौकशी करणाऱ्या संयुक्त समितीने १८७२ साली प्रसिद्ध केलेले साक्षींसह तेरा खंड वाचायचे असतील, तर ‘हाथीट्रस्ट’ किंवा ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या डिजिटल ग्रंथालयांकडे जावे लागते. त्या साक्षींमध्ये पीडित कृष्णवर्णीय नागरिकांनी स्वतः सांगितलेली हकिगत आहे. सभागृहातील भाषणे वाचून कायद्याचा हेतू समजल्यासारखा वाटतो, पण त्यामागची निकड या खंडांतच कळते. सरकारी मुद्रणालय आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचे विधी ग्रंथालय मिळून आता संपूर्ण ‘सीरियल सेट’चे डिजिटल रूपांतर करत आहेत, आणि तयार झालेले खंड ‘गव्हइन्फो’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत, ही फार समाधानाची बाब आहे.

तिसरी मर्यादा १८७५ या वर्षाची. त्यानंतरचे ‘स्टॅट्यूट्स ॲट लार्ज’ विधी ग्रंथालयाच्या वेगळ्या संग्रहात १९५० पर्यंत मिळतात, आणि त्यापुढचे ‘गव्हइन्फो’वर. १८७३ पासून ‘ग्लोब’ची जागा घेणाऱ्या ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’चे बांधीव खंडही ‘गव्हइन्फो’वर आहेत. तेथे एक सावधगिरी बाळगावी लागते: सदस्यांना आपली भाषणे छापण्यापूर्वी सुधारण्याची आणि वाढवण्याची मुभा असते, त्यामुळे छापलेले सगळेच सभागृहात ऐकले गेले, असे मानू नये. अलीकडच्या कायद्यांसाठी ‘काँग्रेस डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ उत्तम आहे. १९९५ साली सुरू झालेल्या ‘थॉमस’ या काँग्रेसच्या माहितीच्या जुन्या संकेतस्थळाची जागा त्याने घेतली.

न्यायनिर्णयांसाठी हार्वर्ड विधी ग्रंथालयाच्या ‘केसलॉ ॲक्सेस प्रोजेक्ट’चा उल्लेख केलाच पाहिजे. त्यात सुमारे चार कोटी छापील पानांचे डिजिटल रूपांतर झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाचे आरंभीचे खंड वृत्तांतकारांच्या नावांनी ओळखले जातात. मार्बरी विरुद्ध मॅडिसन हा १८०३ चा निकाल ‘१ क्रँच १३७’ आणि ‘५ यू. एस. १३७’ अशा दोन्ही प्रकारे लिहिलेला आढळतो, आणि दोन्ही एकच पान आहे. राज्यांच्या कायद्यांबाबत परिस्थिती विस्कळीत आहे. प्रत्येक अधिवेशनाचे छापील कायदे ‘हाथीट्रस्ट’वर बऱ्याच प्रमाणात मिळतात, पण बहुतेक राज्यांच्या विधिमंडळांतील चर्चा कधी शब्दशः नोंदल्याच गेल्या नाहीत, हे वास्तव स्वीकारून तेथे कार्यवृत्ते आणि समकालीन वर्तमानपत्रांवरच काम करावे लागते.

‘हाइनऑनलाइन’सारख्या सशुल्क सेवांची शिफारस मी सरसकट करणार नाही. त्यांची शोधसुविधा निःसंशय अधिक चांगली आहे, नियतकालिकांतील लेख आणि कायदे तेथे एकमेकांना जोडलेले आहेत, आणि काही महत्त्वाच्या कायद्यांचे जमवलेले विधायी इतिहास तयार मिळतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे वर्गणी असेल, तर त्याचा पुरेपूर लाभ घ्यावा. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अभ्यासकाने १८७५ पर्यंतच्या संमत कायद्यांच्या आणि सभागृहातील चर्चांच्या मूळ पानांसाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. ती या संग्रहात आहेतच.

कागदपत्रांपैकी जे कधी छापलेच गेले नाही, ते यांपैकी कोणत्याही ठिकाणी मिळणार नाही. समित्यांकडे आलेले अर्ज, हस्तलिखित मसुदे आणि पत्रव्यवहार वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागाराच्या विधायी विभागात आहेत, प्रतिनिधीगृहाचे २३३ क्रमांकाच्या आणि सिनेटचे ४६ क्रमांकाच्या अभिलेखगटात, आणि त्यांचा अगदी लहान भागच इंटरनेटवर आला आहे. तेथे चौकशी पाठवण्यापूर्वी काँग्रेसचा (म्हणजे तिच्या दोन वर्षांच्या कार्यकाळाचा) क्रमांक, अधिवेशन, विधेयकाचा क्रमांक आणि ते ज्या समितीकडे गेले तिचे नाव कार्यवृत्तातून काढून ठेवावे, कारण तेथील कागद काँग्रेस आणि समिती यांच्या क्रमानेच लावलेले आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘आस्क अ लायब्रेरियन’ या विनामूल्य सेवेलाही प्रश्न विचारताना हाच तपशील द्यावा. नुसता कायद्याच्या नावाने केलेला प्रश्न आणि ‘बेचाळिसावी काँग्रेस, पहिले अधिवेशन, एच. आर. ३२०’ असा नेमका प्रश्न यांना मिळणाऱ्या मदतीत फार मोठे अंतर असते.